‘सुपरबेबी’ म्हणतात माझ्या बाळाला. मी कमी पडतेय का?

पत्र थोडक्यात असं : न्यू जर्सीत राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या एका आईने लिहिलं आहे. मुलगा सोळा महिन्यांचा. नवव्या महिन्यात चालायला लागला. आता इंग्रजीची सगळी मोठी अक्षरं ओळखतो, रंग सांगतो, मराठी-इंग्रजी मिळून साठ-सत्तर शब्द बोलतो. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी त्याला ‘सुपरबेबी’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. नवऱ्याने त्याच नावाने त्याच्या व्हिडिओंचं पान सुरू केलं. रोज सकाळी डेकेअरला निघण्याआधी वीस मिनिटं कार्डं असतात. संध्याकाळी सांगलीहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला की ‘म्हणून दाखव, राजा’ सुरू होतं. दोन भाषांनी त्याची गाडी अडेल, घरातही इंग्रजीच बोलू या, आणि तिने वर्षभर नोकरी सोडून त्याच्याकडे लक्ष द्यावं, असं नवऱ्याचं म्हणणं. तिचा प्रश्न आहे : ‘माझ्या कंटाळ्यापायी याची हुशारी वाया गेली तर?’ आणि अगदी शेवटी तिने लिहिलंय : ‘हल्ली कार्ड वर केलं की तो आधी कार्डाकडे बघतच नाही. माझ्या तोंडाकडे बघतो.’

प्रिय मैत्रिणी,

पत्र दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या ओळीपाशी थांबले. बाकीच्या पत्रात घरातल्या मोठ्यांना काय हवंय ते आहे. बाळाबद्दलची खरी बातमी या एका ओळीत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

१९८५ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांनी वर्षभराच्या बाळांवर एक साधा प्रयोग केला होता. काचेचं एक मोठं टेबल. अर्ध्या भागात काचेला चिकटूनच चौकटीचं कापड, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड थोडं खाली सोडलेलं, म्हणजे वरून बघणाऱ्याला तिथे पायरी असल्यासारखं वाटावं. पलीकडच्या टोकाला आई उभी. बाळ रांगत त्या काठाशी यायचं, थबकायचं आणि आईच्या तोंडाकडे बघायचं. आई हसरी असेल तर १९ पैकी १४ बाळं ती ‘पायरी’ ओलांडून गेली. आईने चेहऱ्यावर भीती आणली, तेव्हा १७ पैकी एकही बाळ पुढे गेलं नाही. आईने तोंडातून शब्दही काढलेला नव्हता.

तुमचा मुलगा रोज सकाळी हेच करतोय. कार्डावरच्या ‘बी’पेक्षा त्याला जास्त गरज आहे ती आई आज खूश आहे ना, हे कळण्याची. सोळा महिन्यांच्या बाळासाठी तेच मोठं वाचन आहे, आणि त्यात तो खरंच तरबेज दिसतोय. प्रश्न एवढाच, की वीस मिनिटांच्या त्या वेळात तुमच्या चेहऱ्यावर त्याला काय वाचायला मिळतं? तुम्हीच लिहिलंय, ‘तो चुकला की माझ्या पोटात गोळा येतो.’ तो गोळा त्याला दिसत असणार.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. ‘हुशारी वाया गेली तर’ या चार शब्दांत दोन गोष्टी तुम्ही न तपासता धरून चालला आहात. लवकर आलेली गोष्ट म्हणजे पुढच्या मोठ्या बुद्धीची खूण, ही एक. आणि त्या खुणेला रोज खतपाणी घातलं नाही तर ती कोमेजेल, ही दुसरी. आपल्याकडे तर म्हणच आहे, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. मलाही ती म्हण आवडते. पण ती बहुतेक वेळा मूल मोठं झाल्यावर, मागे वळून म्हटली जाते, हे लक्षात घ्या.

पाळण्यातले पाय प्रत्यक्ष मोजून बघणारी एक बाई होऊन गेली, नॅन्सी बेली. १९२८ पासून कॅलिफोर्नियात बर्कलीला तिने साठेक बाळांचा जन्मापासून पिच्छा पुरवला, थेट ती मोठी होईपर्यंत. बाळांच्या विकासाची मोजपट्टीच तिने तयार केली. पुढे बडोद्यात प्रमिला फाटक यांनी त्या मोजपट्टीवर भारतीय बाळांची प्रमाणं बसवली. एक ते तीस महिन्यांच्या बाळांसाठीची त्यांची श्रेणी आपल्याकडचे विकासतज्ज्ञ अजून वापरतात. पण बेलीबाईंना काय आढळलं? पहिल्या वर्षात कोण पुढे आणि कोण मागे, यावरून शाळेच्या वयातली बुद्धी जवळजवळ सांगताच येत नाही. आयुष्यभर बाळं मोजलेल्या बाईचा हा निष्कर्ष आहे, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. अशा मोजपट्ट्यांचा खरा उपयोग मागे पडणारं बाळ वेळेवर ओळखून त्याला हात देण्यासाठी. पुढे असणाऱ्याचा नंबर लावण्यासाठी त्या केलेल्याच नाहीत.

चालण्याचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच देशांतल्या निरोगी बाळांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यात भारतही होता, अमेरिकाही. आधाराशिवाय चालण्याचं वय निघालं साधारण सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत. तुमचा नवव्या महिन्यात चालला आणि तुमच्या मैत्रिणीची मुलगी (जिच्यामुळे तुम्हाला ‘बरं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली’ असं तुम्ही मोकळेपणाने लिहिलंय) चौदाव्या महिन्यात. दोघं चौथ्या वर्षी बागेत पळताना बघा. आधी कोण चाललं होतं ते ओळखून दाखवा.

दुसरी समजूत, खतपाण्याची. हिच्यावर अमेरिकेत मोठा बाजार उभा आहे आणि तुमच्या घरातली कार्डं त्याच बाजारातून आलेली आहेत. फिलाडेल्फियाच्या ग्लेन डोमन यांनी १९६४ पासून तान्ह्या मुलांना वाचायला शिकवायची पद्धत लोकप्रिय केली : मोठाली लाल अक्षरं, भराभर दाखवायची कार्डं. १९८३ मध्ये ‘न्यूजवीक’ने ‘सुपरबेबी’ वाढवण्याच्या या हौसेवर मोठा लेख छापला होता, म्हणजे हा शब्द तुमच्या मंडळात पोहोचण्याच्या चाळीस वर्षं आधीपासून तिथले आईबाप त्याच्यामागे धावताहेत. नव्वदच्या दशकात ‘मोत्सार्टचं शास्त्रीय संगीत ऐकवलं की बुद्धी वाढते’ हे खूळ आलं. १९९३ चा तो मूळ प्रयोग झाला होता कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर, आणि त्यांना झालेला फायदा पंधरा मिनिटांच्या आत ओसरला होता. तरी १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी सरकारी पैसा मागितला. मग बाळांसाठीच्या डीव्हीडी आल्या. ‘बेबी आइनस्टाइन’ २००१ मध्ये डिस्नेने विकत घेतली आणि २००९ मध्ये डीव्हीडी परत करणाऱ्यांना पैसे परत द्यायची तयारी दाखवली.

यातला एक अभ्यास मात्र तुमच्या नवऱ्यालाही दाखवा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ ते अठरा महिन्यांची ११७ बाळं. निम्म्यांच्या घरी बाळाला वाचायला शिकवणारा संच दिला : कार्डं, डीव्हीडी, पुस्तकं. सात महिने वापरायला सांगितलं. मग १४ प्रकारे तपासलं. १३ तपासण्यांत दोन्ही गटांत काही फरक नाही. फरक आढळला तो एकाच ठिकाणी : संच मिळालेल्या आईबापांचा ठाम विश्वास होता की आपलं बाळ शिकतंय.

तो विश्वास खोटारडेपणातून येत नाही, प्रेमातून येतो. म्हणूनच नवऱ्याशी बोलताना ‘तुझं चुकतंय’ने सुरुवात करू नका. तोही सकाळी ऑफिसच्या आधी वीस मिनिटं काढतोय, रोज. कितीतरी घरांत बाबाचा एवढा वेळ मिळत नाही. ती वीस मिनिटं राहू द्या, फक्त कार्डं बाजूला ठेवा. बाळाच्या हातात स्टीलचे तीन डबे आणि झाकणं द्या. माझ्या समोर अशाच वयाची एक मुलगी परवा पाऊण तास बसली होती. लहान झाकण मोठ्या डब्यावर ठेवलं, ते आत पडलं, खणकन वाजलं. तिने वाकून आत बघितलं, काढलं, पुन्हा ठेवलं. सहाव्यांदा की सातव्यांदा तिने झाकण डब्यावर नेलं आणि न सोडता हवेतच धरलं. विचार केला. मग बाजूचा छोटा डबा ओढला. झाकण बसलं, आणि तेव्हा कुठे तिने आईकडे बघितलं. आधी काम झालं आणि मग नजर वर गेली. तुमच्या घरात हा क्रम उलटा झालाय, एवढंच मला दाखवायचं होतं.

एक आधीच सांगते : अक्षरं त्याला स्वतःला आवडत असतील तर ती लपवून ठेवायची गरज नाही. रस्त्यावरच्या पाटीवर ‘एस’ दिसला आणि तो किंचाळला तर तुम्हीही आनंदाने किंचाळा. त्याला खरोखर देणगी असेल, असूही शकते, तर ती कार्डं बंद केल्याने गळून जाणार नाही. तो स्वतः पुस्तक ओढून तुमच्या मांडीवर येऊन बसेल. तेव्हा तुमची मांडी मोकळी असली पाहिजे.

व्हिडिओंच्या पानाबद्दल मात्र माझं मत मऊ नाही. ते बंद करा. निदान खासगी करा, आजी-आजोबा आणि जवळच्या चार माणसांपुरतं.

विल्यम सिडिस नावाचा मुलगा १८९८ मध्ये न्यूयॉर्कला जन्मला. वडील मानसशास्त्रज्ञ. दीड वर्षाचा असताना तो वर्तमानपत्र वाचायचा असं सांगतात. १९०९ मध्ये, अकराव्या वर्षी, हार्वर्डमध्ये गेला. पुढच्या जानेवारीत त्याने चौथ्या मितीवर प्राध्यापकांसमोर व्याख्यान दिलं, आणि ती बातमी देशभर छापून आली. मोठेपणी त्याने साध्या कारकुनी नोकऱ्या केल्या, ट्रामच्या तिकिटांचा संग्रह केला, आणि लोकांनी आपल्याला विसरावं एवढंच त्याला हवं होतं. १९३७ मध्ये एका प्रसिद्ध साप्ताहिकाने त्याला शोधून काढून त्याची राहती खोलीसुद्धा वाचकांपुढे मांडली. तो कोर्टात गेला. १९४० मध्ये न्यायालयाने मान्य केलं की लेख निर्दय आहे, पण तरी निकाल त्याच्या विरुद्ध गेला, कारण लहानपणी तो प्रसिद्ध व्यक्ती होता आणि त्याचं पुढे काय झालं हे जाणून घेण्यात लोकांना रस असणं स्वाभाविक ठरलं. चार वर्षांनी, ४६ व्या वर्षी, तो वारला.

त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं म्हणून हे झालं, असं मी म्हणणार नाही. त्याच सुमारास हार्वर्डमध्ये नॉर्बर्ट वीनर हाही असाच लहान वयातला विद्यार्थी होता, त्यालाही वडिलांनीच घडवलेलं. तो पुढे सायबरनेटिक्सचा, म्हणजे यंत्रांच्या आणि सजीवांच्या नियंत्रणाच्या शास्त्राचा, जनक झाला. लवकर शिकलेली मुलं दोन्ही टोकांना जातात आणि मधेही राहतात. मला बोचते ती कोर्टातली गोष्ट. प्रसिद्ध व्हायचं की नाही हे त्या मुलाला कुणी विचारलंच नव्हतं, आणि पुढे परत फिरायची वाट कायद्यानेही दिली नाही. तुमचा मुलगा पंधरा वर्षांचा होईल, त्याला बीजगणित कठीण जाईल (हुशार मुलांनाही जातं), आणि वर्गातला कुणीतरी ‘सुपरबेबी’ शोधून काढेल.

आपल्या आज्या बाळ गोजिरवाणं दिसलं की गालावर काजळाची तीट लावायच्या. दृष्ट लागते यावर माझा विश्वास नाही. पण त्या तिटेमागचं शहाणपण मला पटतं : बाळाचं कौतुक चारचौघांत फार उघडं टाकू नये, थोडं झाकून ठेवावं. सासूबाईंना हे इतर कुठल्याही भाषेपेक्षा लवकर समजेल. ‘आई, पानावर हजार अनोळखी माणसं बघतात, मला धास्ती वाटते,’ असं त्यांना सांगून बघा. मला वाटतं, तुमच्या नवऱ्याला त्याच फोन करतील.

सासूबाईंचा कॉल मात्र तोडू नका. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीड वर्षाच्या आतल्या बाळांना पडदा नको असं सांगितलं, तेव्हा व्हिडिओ कॉलचा अपवाद मुद्दाम ठेवला. पलीकडे जिवंत माणूस असतं, ते उत्तर देतं, बाळ हसलं की हसतं. फक्त परीक्षेचा कॉल नको. आजीला काम द्या. त्यांनी तुळशीला पाणी घालताना फोन धरावा, कोथिंबीर निवडताना धरावा, तव्यावर पोळी फुगलेली दाखवावी. त्यांनी म्हणून दाखवायचं आणि नातवाने ऐकायचं. तळहातावर मोर बसवायचा खेळ त्यांनी तिकडे आपल्या हातावर करावा आणि तुम्ही इकडे त्याच्या हातावर.

भाषेचा प्रश्न इथेच येतो. मराठी बंद करू नका. दोन भाषा ऐकणाऱ्या बाळांचे एकेका भाषेतले शब्द कधी कमी वाटतात, पण दोन्ही मिळून मोजले तर बाळ मागे नसतं. तुमच्याच घरात बघा, साठ-सत्तर शब्द तुम्ही दोन्ही भाषांचे मिळून मोजलेत ना? सिएटलच्या भाषा-संशोधक पट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन ऐकवली, १२ वेळा, दर वेळी २५ मिनिटं. समोर माणूस बसून खेळत बोलला, तेव्हा बाळांचा कान त्या भाषेच्या ध्वनींना तयार झाला. तेच बोलणं डीव्हीडीवरून दाखवलं, तेव्हा काही झालं नाही. बाळाला भाषा माणसाकडून लागते. तुमच्या घरात मराठी बोलणारी दोन माणसं आहेत आणि सांगलीत तिसरं. इंग्रजी त्याला डेकेअर देईल, रस्ता देईल, शाळा देईल. तिची काळजी तुम्ही करू नका. आणि आणखी एक, जे तुम्ही लिहिलं नाहीये पण मला जाणवलं : दमल्यावर, रात्री त्याला थोपटताना, तुमच्या तोंडून कुठली भाषा येते? त्या भाषेत त्याच्याशी बोलणं बंद केलं, तर तुमच्यातली आई थोडी मुकी होईल.

नोकरीबद्दल. तुम्हाला स्वतःला वर्षभर घरी राहावंसं वाटत असेल, पैशांचं गणित बसत असेल, तर जरूर राहा. त्यात काहीच वावगं नाही. पण ‘सुपरबेबीला वेळ द्यायला हवा’ म्हणून राजीनामा देऊ नका. तसा दिलेला राजीनामा बाळाच्या डोक्यावर बसतो. त्याने मग तुमच्या सोडलेल्या पगाराएवढी अक्षरं ओळखायची का? पत्रात तीन ठिकाणी ‘दमले’ लिहिलंय तुम्ही. त्याचा इलाज आधी शोधा. आठवड्यातले दोन दिवस सकाळचं आवरणं नवऱ्याकडे, एक संध्याकाळ तुमची, आणि त्या संध्याकाळी बाळ काय शिकलं हे तुम्ही विचारायचं नाही.

एक गोष्ट डॉक्टरांकडची. अठराव्या महिन्याची तपासणी आता जवळ आली आहे. अमेरिकेत १८ आणि २४ महिन्यांना सगळ्याच बाळांची ऑटिझमसाठी (स्वमग्नतेसाठी) प्राथमिक प्रश्नावली भरून घ्यावी अशी बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. ती उत्तरं खरी भरा, कौतुकाच्या भरात नको. हे तुमच्याइतकंच हे सदर वाचणाऱ्या इतर आईबापांसाठीही लिहितेय. काही मुलं अक्षरं आणि आकडे विलक्षण लवकर ओळखतात, पण नावाने हाक मारली तर वळत नाहीत, काही आवडलं तर बोट करून दुसऱ्याला दाखवत नाहीत. ‘आमचा सुपरबेबी आहे’ या आनंदात घरच्यांकडून ही दुसरी बाजू बघायची राहून जाते आणि लवकर मिळू शकणारी मदत उशिरा मिळते. शंका आली तर थांबून राहू नये, लगेच विचारावं.

तुमच्या पत्रात त्या शंकेला मला जागा दिसली नाही. तुम्ही सहज, कंसात लिहिलंय : ‘(मागच्या अंगणात खार आली की माझा कुर्ता ओढून खिडकीपाशी नेतो आणि बोट करून “आई, खाऽ” म्हणतो.)’ पत्रातल्या सव्वीस अक्षरांपेक्षा मला हे वाक्य जास्त आवडलं. त्याला काहीतरी सुंदर दिसलं, ते एकट्याने बघून त्याचं भागलं नाही, तो तुम्हाला घ्यायला आला. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं, फोनही समोर नव्हता.

उद्या सकाळी कार्डांच्या वेळेला तिघं त्या खिडकीपाशी बसून बघा. खार आली नाही तरी चालेल. तपासणी झाली की मला कळवा, आणि त्या पत्रात खारीचं जास्त लिहा.